तहानेचा जाब

या अल्लाह, साऱ्या जगाच्या पालनहारा, कयामतच्या दिवशी तू जे विचारणार आहेस, त्यातला एक प्रश्न तुझ्या प्रेषितांनी, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, आम्हाला आधीच सांगून ठेवला आहे. लातूर हे परीक्षांचं गाव. इथे पेपर आदल्या दिवशी कळला तर काय धावपळ उडते, ते तू पाहतोस. हा पेपर तर चौदाशे वर्षांपासून उघडा आहे, तरी आमची तयारी नाही.

तू म्हणशील, मी तुझ्याकडे पाणी मागितलं, तू मला पाणी दिलं नाहीस. आम्ही गोंधळून जाऊ. सगळ्यांना पाजणारा तू, तुला कसली तहान? मग तू एखाद्या माणसाकडे बोट दाखवशील. तो आमच्याकडे पाणी मागायला आला होता. त्याला दिलेला तांब्या आज तुझ्यापाशी सापडला असता.

आमच्या भागात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2016 साली लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं ठणठणीत पडलं. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं. दंगलीसाठी लावत ते कलम आमच्याकडे घागरींसाठी लागलं, मालिक. मग 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. एवढ्या मोठ्या शहराला ते कितीसं पुरणार? पण ते कृष्णेचं पाणी होतं, दुसऱ्यांच्या नदीचं. सूरह अन-निसामध्ये चांगलं वागण्याचा हुकूम देताना तू नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परका शेजारीही सांगितलास, सोबतीचा माणूस आणि वाटसरूही सांगितलास. मिरजकर आमच्या ना नात्यातले, ना गल्लीतले. म्हणून आधी त्यांच्यासाठी मागतो. त्यांची कृष्णा भरलेली ठेव, आणि 2019 च्या पुरासारखी त्यांच्या घरात शिरू देऊ नकोस.

आता आमच्यासाठी. ज्याच्या बोअरला पाणी आहे, त्याचं मन मोठं कर. वाटेवर गरजेपेक्षा जास्त पाणी बाळगून वाटसरूला नाकारणाऱ्याकडे तू त्या दिवशी नजर टाकणार नाहीस, असं आम्ही ऐकत आलो आहोत. एप्रिलमधल्या दुपारी हे आमच्याच गल्लीबद्दल सांगितलंय असं वाटतं. नंबराला घागरी लागलेल्या, त्यांच्यामध्ये कुणाचा तेलाचा रिकामा डबा, कुणाची रंगाची बादली. अर्धवट उघड्या फाटकामागून आवाज येतो, मोटर बंद आहे. आणि मोटरीची घरघर तर रस्त्यापर्यंत ऐकू येत असते.

सूरह अल-माऊन किती छोटी आहे. शाळेत जाणारं पोरही ती नमाजमध्ये पढतं. त्यात अनाथाला ढकलून देणारा आहे, दाखवण्यापुरती नमाज पढणारा आहे, आणि शेवटी वापरायची साधी वस्तू शेजाऱ्याला न देणारा आहे. ती वस्तू कोणती, याची उदाहरणं जुन्या जाणकारांनी दिली आहेत: पातेलं, कुऱ्हाड, बादली. रब्बा, तू आमच्या नमाजबरोबर बादलीचाही हिशेब लावला आहेस. नमाजच्या पहिल्या सफेत उभं राहण्याची आम्हाला हौस आहे, तेवढीच फाटक उघडण्याची दे.

रांगेत आमची जीभही सांभाळ. पाणी कमी पडलं की आडनावं आठवतात, तुमचे लोक आणि आमचे लोक सुरू होतं, टोपणनावं निघतात. सूरह अल-हुजुरातमध्ये तू हे सगळं बंद केलंस. टिंगल, टोपणनावं, पाळत, पाठीमागची निंदा. निंदेबद्दल तर असं बोललास की ऐकताना किळस यावी.

प्रेषितांनी आपले साथी अबू जर यांना सांगितलं होतं, शोरवा शिजवशील तेव्हा पाणी वाढव आणि शेजाऱ्याला दे. प्रेषितांचे दुसरे साथी अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या घरी बकरं कापलं गेलं, तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे पाठवलं ना? आमच्या शेजारी लिंगायत घरं आहेत. त्यांना शोरवा चालत नाही, म्हणून त्यांच्याकडे ईदचा शीरखुर्मा जातो, आणि तोही स्वच्छ घासलेल्या वेगळ्या भांड्यातून. शेजारी काय खात नाही हे लक्षात ठेवणं, माझ्या मते, वाटा पाठवण्याइतकंच मोलाचं आहे. तेवढी आठवण आम्हाला राहू दे.

आणि जो आमच्याशी वैर धरतो, त्याचं काय? 680 साली करबलाच्या वाटेवर हुर्र या सरदाराचं हजार स्वारांचं सैन्य इमाम हुसेन यांना अडवायला आलं. ते तहानेनं व्याकूळ होतं. इमामांनी त्या सैन्याला पाणी पाजलं, त्यांच्या घोड्यांनाही पाजलं. काही दिवसांनी त्याच बाजूच्या लोकांनी इमामांच्या तंबूंना फुरात नदीचं पाणी तोडलं. मोहर्रममध्ये आमच्या खेड्यापाड्यांत सवाऱ्या निघतात, त्यांना खांदा देणाऱ्यांत हिंदू घरचे पुष्कळ असतात, आणि शरबत सगळ्यांनाच मिळतं. नांदेडला ज्या गुरु गोबिंदसिंगांनी 1708 साली देह ठेवला, त्यांचे शिष्य भाई कन्हैया यांचीही अशीच गोष्ट शीख बांधव सांगतात. आनंदपूरच्या लढाईत ते शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत फिरले. तक्रार झाली, तेव्हा गुरूंनी त्यांना शाबासकी दिली आणि वर मलमही दिलं. या अल्लाह, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीला बसलेल्याला कुणी धर्म विचारत नाही. आमच्या पाणपोईवरही तो विचारला जाऊ नये.

प्रेषितांनी सांगितलंय, एका तहानलेल्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला. चामडी मोजा पाण्यानं भरला, दातांत धरला आणि वर चढून आला. तेवढ्यावर तू त्याला माफ केलंस. तळ गाठलेल्या विहिरीत वाटी घेऊन उतरलेली माणसं मराठवाड्यानं पाहिली आहेत, त्यामुळे त्या चढणीची किंमत आम्हाला कळते. मुक्या जनावरासाठी एवढं, तर दारातल्या माणसासाठी किती!

प्रेषितांचे साथी साद इब्न उबादा यांनी आपल्या वारलेल्या आईसाठी कोणता सदका चांगला, म्हणून प्रेषितांना विचारलं. उत्तर आलं, पाणी. त्यांनी विहीर खोदली. आमच्या गेलेल्यांच्या नावानं जेवणावळी घालण्याऐवजी आम्हालाही असं काही सुचू दे. मशिदीच्या नळावर वजू करताना तोटी मोकळी सोडू देऊ नकोस. प्रेषित अगदी थोड्या पाण्यात वजू करत, हे आठवू दे. बारा महिने पाणी दिलंस तर आभार, नाही दिलंस तर आहे ते वाटून घेण्याची दानत दे.

ज्याच्या बोअरला पाणी आहे त्यानं उद्याच एक नळी रस्त्याकडे काढावी, एवढी बुद्धी त्याला दे. आणि तो बोअर माझा असेल, तर ती आधी मला दे. आमीन.