फेरातली जागा

वारली चित्रातला तारप्याचा फेर आपण साडीच्या पदरावर, कपावर, भिंतीवर पाहिलेला असतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांमुळे ही चित्रकला घरोघरी पोचली; मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्र पोचलं, पण त्यातला फेर आपण नीट पाहिलेला नाही. मधे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, भोवती एकमेकांना धरून गुंफलेली माणसं, आणि साऱ्यांची तोंडं तारप्याकडे. हा नाच कुणाला दाखवण्यासाठी नाही. जो आला, तो फेरात शिरला.

आदिवासी मुलांना आधार द्यायचा म्हणजे काय करायचं, याचं उत्तर मला या फेरात दिसतं.

लहान पोर फेराच्या शेपटाला लागतं. पावलं त्याला कुणी मोजून शिकवत नाही. पुढच्याचा हात धरला की अंग आपोआप वळतं. पाऊल चुकलं तर शेजारचा हात ओढून नेतो. चुकणाऱ्याला बाहेर काढलं जात नाही, म्हणून तो शिकतो. आपण कुणाचे आहोत, हे त्याला सांगावं लागत नाही. ते त्याच्या दंडाला कळतं.

आता हेच पोर निवासी आश्रमशाळेत जातं. वर्षाचे बहुतेक महिने ते घरापासून लांब, घरच्या बोलीपासून लांब. भातकापणीच्या दिवसांत पाड्यावर तारपा वाजतो तेव्हा ते वर्गात असतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी येतं, पण जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात. फेर धरायला उरतात किती दिवस?

ही उणीव भरायला आपण कार्यक्रम करतो. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मिरवणुका निघतात. आपण एवढे आहोत, हे त्या गर्दीत तरुणांना दिसतं. ते बळ मोलाचं आहे. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित तारप्यावर पाच मिनिटांचा नाच बसवला जातो, तेव्हा मुलांची तोंडं प्रेक्षकांकडे वळलेली असतात. फेर उलगडून त्याची रांग होते. टाळ्या मिळतात, पण हात धरणारं मोठं माणूस तिथे नसतं.

मग कार्यक्रम कसा असावा? तारप्यालाच विचारावं. त्याचा भोपळा वेलीवर जून व्हावा लागतो, मग वाळवून कोरावा लागतो. त्याला बांबूच्या नळ्या मेणानं बसतात, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा येतो. शाळेच्या आवारात पावसाळ्याच्या तोंडाला हा भोपळ्याचा वेल लावावा. पाड्यावरच्या जाणत्या वाजवणाऱ्याला बोलवावं आणि इतर शिक्षकांइतकंच मानधन द्यावं. मुलांनी त्याच्यासमोर बसून तारपा घडवावा. आई-बापांना खुर्चीवर न बसवता फेरात घ्यावं. असा सोहळा एका दिवसाचा राहत नाही. तो वेलाबरोबर वाढतो.

तारपा वाजवणारा गालातल्या हवेवर सूर धरून नाकानं श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. समाजानं मुलांसाठी एवढंच करावं: ती लांब असतील तेव्हा सूर धरून ठेवावा, आणि परत आली की हाताची गुंफण सैल करून त्यांना मधे घ्यावं.