सुरक्षित डोळ्यांचे सौंदर्य

खंडाळ्याच्या कड्यावर उभे राहून कोकणातून चढत येणारे पावसाळी मेघ पाहावेत, या हौसेने दर वर्षी हजारो लोक घाटमाथ्यावर येतात. ते दृश्य सुंदर आहे याविषयी कोणास शंका नसते. परंतु ते सुंदर दिसते ते त्याच्या अंगच्या गुणामुळे, की त्यापासून आपणांस भयही नसते आणि अपेक्षाही नसते म्हणून, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

विल्यम वेस्टॉल (१७८१-१८५०) या प्रवासी इंग्रज चित्रकाराने मुंबई बंदरावर चालून येणाऱ्या पावसाळ्याचे चित्र काढले आहे. कॅप्टन ग्रिंडले यांनी १८२६ पासून प्रसिद्ध केलेल्या पश्चिम हिंदुस्थानच्या दृश्यसंग्रहात ते समाविष्ट आहे. हा चित्रकार किनाऱ्यावर बसून समुद्राचे कौतुक करणारा नव्हता. १८०१ साली फ्लिंडर्सच्या ऑस्ट्रेलिया-सफरीवर तो चित्रकार म्हणून निघाला. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याचे जहाज प्रवाळखडकावर फुटले आणि त्याची रेखाटने खाऱ्या पाण्यात भिजली. पुढे चीनमार्गे तो १८०४ साली मुंबईस आला व घाट चढून कार्ल्याची लेणीही पाहून गेला. अशा मनुष्याच्या कुंचल्यातून उतरलेले काळे मेघ हा केवळ रंगांचा विलास नव्हे. समुद्र काय करू शकतो हे त्यास ठाऊक होते.

आता तेच मेघ घाटाच्या वरच्या अंगाने पाहावेत. १८०३-०४ साली दख्खनमध्ये घोर दुष्काळ पडला होता. होळकरांच्या स्वारीने मुलूख आधीच उजाड झाला होता, त्यात पावसाने दगा दिला. अन्नाच्या आशेने माणसे कोकणाकडे उतरू लागली. बंदरातील नाखव्यास ज्या मेघांची धास्ती वाटे, त्यांचीच वाट मावळातील कुणबी डोळ्यांत प्राण आणून पाहत होता. ती आशा या चित्रात नाही.

म्हणून चित्र खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. ज्याने जे भोगले तेच त्याच्या हातून खरेपणाने उतरते. जहाज फुटल्याचा अनुभव वेस्टॉलपाशी होता. रिकाम्या कणगीचा नव्हता. बंदराच्या चित्राकडून दुष्काळाची हकीकत मागणे अन्यायाचे होईल. सौंदर्यास थोडे अंतर लागते, हेही खरे. बुडणारा मनुष्य लाटेचा डौल पाहत नाही.

परंतु चित्रकारास जी सवलत आपण देतो, ती प्रेक्षकाने स्वतःस घेऊ नये. आपणांपाशी चित्र आहे आणि त्या काळचा इतिहासही आहे. सुरक्षितपणा हा पाप नव्हे, पण तो आपल्या दृष्टीचा गुण समजणे ही चूक आहे. कड्यावरून धुके पाहून जो खाली पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरतो, त्याने गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्यांस एकदा विचारावे, पाऊस यंदा वेळेवर आला का? उत्तर ऐकल्यावर धुक्याचे सौंदर्य कमी होत नाही. ते कोणाच्या जिवावर बेतू शकते, एवढे मात्र कळते.