पायरीवरची जागा



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू एका परुश्याच्या घरी जेवायला गेलेला दिसतो. मानाच्या जागा धरण्यासाठी पाहुण्यांची चाललेली धडपड पाहून तो त्यांना शेवटच्या जागेवर जाऊन बसायला सांगतो. नम्रतेवरची प्रवचने बहुधा याच उताऱ्यावर होतात. पण हा उपदेश होता कोणाला? ज्यांना आमंत्रण होते आणि ज्यांना जागा निवडता येत होती, त्यांना. ज्याला दारातच अडवले आहे, त्यालाही आपण "शेवटच्या जागेवर समाधान मान" असे सांगायचे का?

हा प्रश्न नीट समजून घ्यायला आपल्याच मराठी मातीतला एक कवी मदत करतो. तो म्हणजे संत चोखामेळा.

पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी दोन समाध्या आहेत. एक नामदेवांची पायरी. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. तिच्या समोर चोखोबांची समाधी आहे. दोघे एकाच काळातले, दोघे कवी, दोघांचा देव एकच. पण नामदेवांना मंदिरात जाता येत होते आणि तरीही त्यांनी पायरी पसंत केली. चोखोबा महार जातीत जन्मले, म्हणून त्यांना पायरीच्या पुढे जाण्याची मुभाच नव्हती. एकाच दारापाशी असलेल्या या दोन जागांपैकी एक निवडलेली आहे आणि दुसरी लादलेली. पहिलीला नम्रता म्हणता येईल. दुसरीला अन्यायच म्हणावे लागेल.

चोखोबा मंगळवेढ्याला राहत. तिथल्या गावकुसाच्या बांधकामावर मजुरी करत असताना इ. स. १३३८ मध्ये भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाम ऐकू येईल ती चोखोबांची, अशी खूण धरून नामदेवांनी त्यांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला आणल्या, अशी कथा आहे.

चोखोबांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून ठेवले, असे सांगतात. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा यांचेही अभंग आज उपलब्ध आहेत. गावकुसाबाहेरच्या एका कुटुंबातून पाच कवी निघाले. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना जागा आहे, आणि ती त्यांच्या शब्दांनी मिळवली आहे.

मात्र आपण त्यांना कोणत्या जागेवर बसवतो, हे पाहायला हवे. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो, ही त्यांची उपमा सर्वांना आवडते. पण देवाच्या दारी गेल्याबद्दल मार खावा लागल्याचे दुःखही त्यांनी मांडले आहे. प्रत्येक देहाचा जन्मच विटाळातून होतो, मग सोवळा कोण, असेही त्यांनी विचारले आहे. हे अभंग आपण तितक्या आवडीने गात नाही. गोड उपमा लक्षात राहते आणि तक्रार विसरली जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला आपला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. पुढे काही दलित लेखकांनी चोखोबांवर टीकाही केली. आपला हीन मानला गेलेला जन्म हे मागच्या जन्मीचे फळ आहे, असे काही अभंगांत त्यांनी मान्य केले, हे त्यांना पटले नाही. ही टीका समजून घेण्यासारखी आहे. पण माणूस एकाच आयुष्यात देवाला शरणही जातो आणि त्याच्याशी भांडतोही. आपल्या स्तोत्रकर्त्यानेही दोन्ही केले आहे.

आता आपल्या जुन्नर तालुक्याकडे वळू. आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो हा रेडा, अशी श्रद्धा आहे. देवाची वाणी कोणत्याही मुखातून येऊ शकते, ती जन्मावर अवलंबून नसते, हेच ही सुंदर कथा सांगते. त्याच काळात चोखोबांच्या मुखातून अभंग येत होते, आणि मंदिराचे दार मात्र बंद होते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार सर्वांसाठी उघडले. मधे सहाशेहून अधिक वर्षे गेली. वारकरी चोखोबांचे अभंग गात राहिले. शब्दांना आत घेतले गेले, पण त्यांच्या माणसांना बाहेर ठेवले गेले.

कोणी म्हणेल, पायरीवर राहूनच त्यांना देव भेटला, हे मोठेपण नव्हे का? आहे. पण ते मोठेपण चोखोबांचे आहे, बंद दाराचे नाही. कोणी दुःखातून संत झाला, म्हणून दुःख देणारा निर्दोष ठरत नाही. संदेष्ट्यांच्या कबरी बांधून सजवणाऱ्यांना येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात खडसावले आहे, ते याचसाठी.

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी अनेक घरांना ही पायरी पुस्तकातून कळलेली नाही, ती आजी-आजोबांच्या बोलण्यातून कळली आहे. म्हणूनच आपली जबाबदारी मोठी आहे. ख्रिस्तसभाही या पापापासून मुक्त नाही. दक्षिणेत काही ठिकाणी कॅथलिक दफनभूमीतसुद्धा जातीप्रमाणे जागा वेगळ्या ठेवल्या गेल्या. भारतातील बिशपांनी २०१६ साली जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे स्पष्ट सांगितले. ते आपल्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले आहे का? गळीत हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पश्चिमेच्या डोंगरातून आदिवासी मजूर कामाला खाली येतात. त्यांना आपण पाणी कोणत्या भांड्यात देतो? बसायला कुठे सांगतो? आणि आपल्या मुलामुलींची सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न कोणता विचारतो?

त्याच चौदाव्या अध्यायात येशू पाहुण्यांशी बोलून झाल्यावर यजमानाकडे वळतो आणि गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलावायला सांगतो. ज्याच्याकडे निवड आहे, त्याने खालची जागा घ्यावी. ज्याच्याकडे दार आहे, त्याने ते उघडावे. या दोन आज्ञा एकत्रच दिलेल्या आहेत. पहिली शिकवताना दुसरी गाळायची नाही.