अळीला धुरा कळत नाही

अमरावतीच्या एका परिसंवादात मध्यंतरी एका विद्वानांनी सांगून टाकलं की जनुक बदललेलं बियाणं हा काळ्या आईशी केलेला द्रोह आहे. टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या अंगात कुठल्या कापसाचे सदरे होते, हे तिथे विचारायची सोय नव्हती, म्हणून इथे विचारतो. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात बनवणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत वऱ्हाडात बिगर-बीटी पऱ्हाटी हुडकावी लागू लागली. बीटीची सरकी तेलगिरणीत जाते, तेल फरसाणाच्या कढईत, ढेप म्हशीपुढे. द्रोहाची ही साखळी वक्त्यांच्या सकाळच्या चहापर्यंत पोचते.

या मंडळींचं दैवतही याच जिल्ह्यातलं: झिरो बजेट नैसर्गिक शेतीचे प्रचारक, बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, 2016 चे पद्मश्री. शेतीच्या खर्चावर त्यांनी बोट ठेवलं ते योग्य जागीच. पण बोंडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत गोमूत्रातला दशपर्णी अर्क कसा पोचणार, असं विचारलं की भक्त गाईच्या जातीत खोट काढतात. तिथे माझा उत्साह संपतो.

उलट बाजूचा झेंडा अकोल्याकडे. 10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या हजारावर शेतकऱ्यांनी जमून बंदी असलेलं एचटीबीटी बियाणं उघडउघड पेरलं. या वाणावर ग्लायफोसेट मारलं तर तण जळतं, पऱ्हाटी उभी राहते. असं बियाणं पेरण्याला तेव्हा कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. पावसाची उघडीप चार दिवसांची, निंदण अंगावर आलेलं आणि बाया मिळेनात, अशा वेळी शेतकरी कायद्याचं पुस्तक उघडून बसत नाही. (ज्या बायांची चूल त्या निंदणावरच पेटते, त्यांचा हिशेब दोन्ही बाजूंनी अजून मांडायचा आहे.)

या आंदोलनामागचा विचार संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचा, आणि तो मला फार वर्षं पटत आला आहे. 2001 साली गुजरातेत ‘नवभारत 151’ नावाचं बियाणं हजारो एकरांवर निघालं. त्यात विनापरवाना बीटी जनुक सापडलं. त्या वर्षी हिरव्या बोंडअळीने शेजारची शेतं खाल्ली आणि हे पीक तगलं. सरकारने ते नष्ट करायचा हुकूम काढला, तेव्हा जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा एवढाच: भाव पाडायला सरकार, तंत्रज्ञान अडवायलाही सरकार, मग शेतकऱ्याच्या हाती उरलं काय? जोखीम त्याची, तर निवडही त्याचीच हवी. पुढच्याच मार्चमध्ये दिल्लीने परवानगी दिली. जोशींच्या विरोधकांना या मांडणीचं उत्तर कधीच नीट देता आलं नाही, कारण त्यांना शेतकरी अजाण लेकरू वाटायचा, आणि जोशी त्याला हिशेबी माणूस समजायचे. या एका गोष्टीसाठी मी त्यांचे बाकीचे सगळे हेके सोसायला तयार आहे.

पण 2017 चा हंगाम या तर्काला नडतो. त्या वर्षी दोन जनुकांच्या बीटीलाही न जुमानता गुलाबी बोंडअळीने वऱ्हाड-खानदेशात कापूस पोखरला. डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने न उमललेली फुलं, दिसल्या तेव्हाच कळलं होतं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. बीटी निकामी झालं म्हणून अमरावतीकर खूश, नवं जनुक द्या म्हणून अकोलेकर हट्टाला पेटलेले. अळी कशी माजली, हे मात्र राहून गेलं.

450 ग्रॅमच्या बीटी पाकिटात 120 ग्रॅमची एक पुडी असायची, बिगर-बीटी सरकीची. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, विष पचवणाऱ्या पतंगांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. पुष्कळांनी ती पुडी धुऱ्यावर फेकली. का पेरावी? नुकसान माझ्या चार ओळींचं, फायदा साऱ्या शिवाराचा. तीच गत फरदडीची: ओलीत असलेला शेतकरी भाव बरा दिसला की हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी कापूस घेतो आणि अळीला मार्चपर्यंत दाणापाणी मिळतं. निवड त्याची, बरोबर. जोखीम मात्र शेजाऱ्याची. जोशींच्या हिशेबी माणसाने अचूक हिशेब केला आणि गाव बुडालं.

आणखी एक दोष थेट कंपन्यांच्या पदरात जातो. आपल्याकडे बीटी आलं ते जवळजवळ सगळं संकरित वाणांतून, म्हणजे दरवर्षी पाकीट विकत घेणं भाग. पहिल्या बीटीत जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल तर बोंडातली सरकी मेंडेलच्या नियमाने वाटली जाते: चारांतली एक बिनविषाची. गुलाबी अळी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषही आणि उताराही वाढलेला! त्यात ही वाणं लांब मुदतीची, म्हणजे अळीचा मुक्कामही लांबतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं बिकानेरी नरमा हे सरळ बीटी वाण 2009 साली बाजारात आलं खरं, पण त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक निघालं आणि ते मागे घ्यावं लागलं. शेतकऱ्याने घरचं बीटी बी राखायची संधी अशी हुकली.

अमेरिकेने याच जनुकांच्या जोरावर 2018 साली गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिथे सरळ वाणं होती, आणि वांझ केलेले पतंग विमानाने सोडण्याचा कार्यक्रम सबंध प्रदेशाने एकत्र राबवला. एकेकट्याच्या स्वातंत्र्याने ते झालं नसतं.

म्हणून मी बंदीवाल्यांत गेलो असं कोणी समजू नये. बंदीने एचटीबीटी थांबलं नाही, फक्त ‘चोर बीटी’ झालं. पाकिटावर पत्ता नाही, पावती नाही, आणि उगवलं नाही म्हणून तक्रार करायला जाणारा स्वतःच आरोपी. मे 2025 मध्ये जनुकसंपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली. त्यांत परकं जनुकच नाही, तेव्हा द्रोहवाल्यांना आता नवा आक्षेप शोधावा लागेल. संघटनेच्या मित्रांपुढे मात्र त्यांच्याच अर्थशास्त्रातला प्रश्न आहे. डिसेंबरात पऱ्हाटी उपटून टाकणाऱ्याला फरदडीच्या बदल्यात एकरी किती द्यायचे, आणि ते बियाणं कंपनीने द्यायचे, सरकारने की शेजारच्या शेतकऱ्यांनी?