आईचा जिना

अमेरिकेत सहावी ते आठवीच्या इंग्रजीच्या वर्गांत लँग्स्टन ह्यूजची ‘मदर टू सन’ ही कविता हमखास भेटते. जेमतेम 20 ओळींची. एक कृष्णवर्णीय आई मुलाशी बोलते आहे आणि स्वतःच्या आयुष्याला जिना म्हणते आहे. वर्गातला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: यात अलंकार कोणता? उपमेत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ लागतं, इथे ते नाही, म्हणजे ‘मेटाफर’. उत्तर बरोबर, गुण मिळाला, पान उलटलं. आपल्याकडेही बारावीच्या इंग्रजीला अलंकाराचं नाव आणि एका वाक्याचं स्पष्टीकरण लिहिलं की काम भागतं.

मला याचं फार वाईट वाटतं. नाव कळल्यावर मुलांनी कवितेत शिरायला हवं, तर नेमकी तिथेच आपण त्यांना बाहेर काढतो.

जिनाच का? रस्ता का नाही? हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना विचारून बघावं. रस्त्याला सपाटी असते, उतारही असतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीला पायांत बळ लागतं, आणि मागे फिरायचं तर खालीच यावं लागतं. एवढं मुलं आपणहून सांगतात, कारण जिने सगळ्यांनीच चढलेले असतात.

मग त्या जिन्यावर काय काय आहे ते बघावं. खिळे आहेत, लाकडाची कुसळं आहेत, फळ्या उखडलेल्या आहेत. आणि काही ठिकाणी गालिचा नाही. इथे घाई करू नये. खिळा पायात घुसतो, फळी नसेल तर माणूस पडतो. गालिचा नसल्यानं कुणाला काय इजा होते? तरी आईनं तो यादीत धरलाय. मला वाटतं, गालिचा अंथरलेले जिने तिनं पाहिलेले असणार, कदाचित झाडलेही असणार. ही कविता 1922 साली ‘द क्रायसिस’ या मासिकात आली. त्या काळी कितीतरी कृष्णवर्णीय बायका गोऱ्यांच्या घरी धुणं, झाडलोट, स्वयंपाक करून पोट भरत होत्या. कवीनं हे कुठे लिहिलेलं नाही, पण त्या उघड्या लाकडाकडे नीट पाहिलं की ते दिसायला लागतं.

आपल्या वाट्याला स्फटिकाचा जिना आला नाही, असं ती म्हणते, त्यालाही मागचा संदर्भ आहे. बायबलमधल्या याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी दिसली होती, आणि गुलामगिरीतल्या माणसांनी त्या शिडीवर भक्तिगीतं गायली. ती गाणी ज्यांच्या कानावर होती, त्यांना या जिन्याचं वरचं टोक वेगळं सांगावं लागलं नसेल.

मुलगा मात्र कवितेत एक शब्दही बोलत नाही. आई त्याला मागे फिरू नकोस, पायरीवर बसू नकोस असं बजावते, एवढ्यावरूनच त्याचं काय चाललंय याचा अंदाज बांधायचा. तो कितव्या पायरीवर आहे, दमलाय की चिडलाय, आईनं बोलायला सुरुवात करण्याआधी तो काय म्हणाला असेल? आठवीच्या मुलांना हे लिहायला सांगावं. ती कदाचित त्याच्याच वयाच्या आसपासची असतील.