अट मोडली हे सांगायचं कुणी?

९ मे २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळासमोर पाकिस्तानच्या कर्जाचा विषय आला. भारत तटस्थ राहिला आणि सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता सुटला. त्यानंतर आपल्याकडे जी चर्चा झाली तिच्यात एरवीचे कडवे स्वाभिमानी नाणेनिधीचे भक्त झालेले दिसले. पाकिस्तानवर आणखी अटी घाला, त्यांचा अर्थसंकल्प तपासा, विजेचे दर वाढवायला लावा! हीच मंडळी १९६६ चं अवमूल्यन किंवा १९९१ चं गहाण सोनं असा विषय निघाला की राष्ट्राच्या अपमानाने व्याकूळ होतात. शेजाऱ्याला लावली की शिस्त, आपल्याला लावली की गुलामी. या दुटप्पीपणाचं मला फारसं वाटत नाही. राष्ट्रं अशीच वागतात. खटकतं ते हे की, दोन्ही वेळा एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. अट मोडली गेली, हे सांगायचा हक्क कुणाला असतो?

सार्वभौमत्वाच्या मुद्द्यात दम नाही असं मी म्हणणार नाही. जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, तो परकीय मदतीचा ओघ पुन्हा वाहू लागेल या भरवशावर. भरवसा पुरता खरा ठरला नाही. वॉशिंग्टनच्या शब्दावर विसंबू नये हा धडा त्या पिढीने घेतला आणि तो रास्तच होता. पण हा युक्तिवाद देशाला एकच माणूस मानून चालतो. कर्ज घेतो तोच, अपमान होतो त्याचाच, आणि अट जाचते तीही त्यालाच. प्रत्यक्षात सही करणारा एक असतो आणि ज्याची जमीन जाते तो दुसराच.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं उदाहरण घ्या. १९८५ साली जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर देऊ केले. विस्थापितांचं राहणीमान निदान पूर्वीइतकं तरी राहिलं पाहिजे, ही त्या करारातली अट. ती जाचक होती ती सरकारांना. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीच्या आदिवासीला तिचा जाच कसला? तो पिढ्यान्‌पिढ्या कसत होता त्यातली बरीच जमीन सरकारी दप्तरात जंगलखात्याची. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तो अतिक्रमणदार. आणि अतिक्रमणदार, म्हणून भरपाईच्या हिशेबात भूमिहीन. करारातलं ते वाक्य त्याच्या बाजूचं होतं, पण करारात तो पक्षकार नव्हता. धनको आणि ऋणको या दोघांनी मिळून ते वाक्य सात वर्षं झोपवून ठेवलं. त्याला जागं केलं ते खोऱ्यातल्या आंदोलनाने. बँकेला प्रकल्पाच्या स्वतंत्र तपासणीसाठी मोर्स समिती नेमावी लागली, आणि जून १९९२ मध्ये समितीने बँकेलाच मागे सरायला सांगितलं. बँकेने मागे सरण्याऐवजी टप्पे ठरवून ३१ मार्च १९९३ ची मुदत घातली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी भारत सरकारने कळवलं, उरलेलं कर्ज नको, धरण आम्ही आमच्या पैशांनी बांधू.

सार्वभौमत्व शाबूत राहिलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीतल्या घरांत पाणी शिरलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: देशात न्यायालयं आहेत, विधानसभा आहे, परक्या बँकेची पायरी कशाला चढायची? न्यायालयाचा दरवाजा १९९४ मध्ये ठोठावला गेला. मध्यंतरी काम थांबलंही, पण ऑक्टोबर २००० च्या बहुमताच्या निकालाने धरणाची उंची वाढवायला वाट मोकळी झाली. घरचा दरवाजा आहे म्हणून दुसरा बंद ठेवावा, हा आग्रह ज्याचं घर बुडत नाही तोच धरू शकतो.

बाकीच्या मतांना फार जागा द्यायला नको. अटी मनापासून पटल्या तरच टिकतात म्हणणाऱ्यांनी केनिया पाहावा: एकच शेतीसुधारणा त्या सरकारने पंधरा वर्षांत बँकेला चारदा विकली, असं पॉल कॉलियर या अर्थशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलंय; पटल्याचं सोंगही आणता येतं. आणि चीनचं कर्ज बिनशर्त असतं म्हणणाऱ्यांना एवढंच, की त्यातल्या अनेक करारांत करार गुप्त ठेवण्याचीच अट असते.

मला भेद करावासा वाटतो तो कडक आणि सौम्य अटींत नाही, आर्थिक आणि सामाजिक अटींतही नाही. काही अटींच्या भंगाची फिर्याद तिसऱ्या माणसाला करता येते, काहींची येत नाही. नर्मदेच्या धक्क्यानंतर, सप्टेंबर १९९३ मध्ये, बँकेने तपासणी मंडळ स्थापलं. दोघा किंवा अधिक बाधितांनी लिहून दिलं की चौकशी होऊ शकते. २००४ मध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाबद्दल कुर्ल्याच्या दुकानदारांनी नेमकं तेच केलं. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात त्यांची दुकानं जात होती, आणि दुकान केवढंही असो, फुकट मिळणारी जागा २२५ चौरस फुटांपुढे नव्हती. चौकशी झाली. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे थांबवले, आणि काही महिन्यांनी, राज्य सरकारने हालचाल केल्यावर, पुन्हा सोडले. क्रांती वगैरे काही झाली नाही. पण कुर्ल्याच्या दुकानदाराच्या अर्जावर सरकारचा हप्ता अडला.

हे मंडळ दुबळं आहे, हे खरंच. ते हुकूम देऊ शकत नाही, आणि बँकेने स्वतःचे नियम पाळले की नाही एवढंच पाहतं. धोरणांच्या अटींपर्यंत तर त्याचा हात पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. १९९१ मध्ये तूट कमी करायची म्हणून खतांच्या किमती वाढल्या. तूट किती उतरली हे नाणेनिधी मोजत होता. शेतकऱ्याचं काय झालं ते सांगायला शेतकऱ्याने जायचं कुठे? अशा अटीला माझा विरोध आहे. ती परकी आहे म्हणून नव्हे, तिच्यात फिर्यादीला जागा नाही म्हणून. ती उद्या दिल्लीने स्वतःहून घातली तरी विरोध तेवढाच राहील.

बँकेचं कर्ज नाकारल्यावर नर्मदेसाठी पैसा उभा राहिला तो असा: १९९३ मध्येच सरदार सरोवर नर्मदा निगमने रोखे काढले, आज ३,६०० रुपये भरा आणि वीस वर्षांनी १,११,००० घ्या. पुढे २००८ मध्ये गुजरात सरकारने कायदा केला आणि ते मुदतीआधीच, ५०,००० रुपये देऊन, सोडवून घेतले. आपलं नेमकं किती बुडालं हे प्रत्येक रोखेधारकाला रुपयांत मांडता आलं, कारण आकडा त्याच्या हातातल्या कागदावर छापलेला होता. मणिबेलीचा माणूस या नव्या धनकोंच्या कागदावर कुठेच नव्हता, झोपवून ठेवलेल्या वाक्यापुरताही.