देव जाणवत नाही तेव्हा

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली पुस्तकरूपानं आली आणि जगभर खळबळ उडाली. ज्यांच्याकडं पाहून लोकांना देव आठवायचा, त्या मदरना स्वतःला मात्र जवळजवळ पन्नास वर्षं देव जाणवतच नव्हता! १९४६ मध्ये दार्जिलिंगला जाताना त्यांना त्याची हाक लख्ख ऐकू आली होती. तिच्यावर विसंबून त्या कॉन्व्हेंट सोडून कोलकात्याच्या वस्त्यांत उतरल्या. काम उभं राहू लागलं आणि तो आवाज बंद झाला. प्रार्थनेला बसावं तर आत सगळं कोरडं. देव आहे तरी का, इथवर शंका. हे त्यांनी मोजक्या धर्मगुरूंना लिहिलं आणि ती पत्रं नष्ट करा म्हणून विनवलंही.

काहींनी याला ढोंग म्हटलं. मला ते मुळीच पटत नाही. कालीघाटच्या निर्मल हृदय या मरणासन्नांसाठीच्या आश्रयघरात रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाच्या जखमा धुवायच्या, त्याच्या कोरड्या ओठांत पाणी सोडायचं, त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत हात हातात धरून बसायचं, हे दिखाव्यासाठी कुणी वर्षानुवर्षं करत नाही. देवाला दिलेला शब्द त्यांनी देव गप्प असताना पाळला. मनापासून विश्वास ठेवणं म्हणतात ते हेच, असं मला वाटतं. मन भरून आलेलं असताना हात जोडायला फारसं काही लागत नाही.

या अंधारात त्यांना आधार मिळाला तो फादर जोसेफ नॉयनर यांचा. पुण्यात अनेक वर्षं ईशज्ञान शिकवणारे हे जेझुइट धर्मपंडित. १९६१ च्या सुमारास मदरनी त्यांच्यापुढं मन मोकळं केलं. त्यांनी उपदेश केला नाही, श्रद्धा कमी पडते असंही सुचवलं नाही. यावर माणसाच्या हातात उपाय नाही, हे सरळ सांगितलं. मग म्हणाले, देवाची जी ओढ तुम्हाला लागली आहे, तीच तो जवळ असल्याची खूण आहे. जो मनात नाहीच, त्याच्यासाठी जीव तुटत नाही. मदरनी त्यांना कळवलं की आता या अंधारावरही त्यांचा जीव जडू लागला आहे. अंधार सरला मात्र नाही. १९९७ मध्ये त्या गेल्या, तोवर तो जवळपास तसाच होता.

आपल्याकडं मात्र घरात कुणी गेलं की चार दिवसांत कुणीतरी म्हणतंच, ‘देव जे करतो ते भल्यासाठीच.’ ऐकणाऱ्याच्या मनात देवाबद्दल राग असतो, शंका असते. ती तो गिळून टाकतो आणि एकटा पडतो. शंका बोलून दाखवणं हे पाप आहे, असं आपणच त्याला शिकवलेलं असतं. ज्याला देवाशी काही देणंघेणं नाही, तो देवावर रागावेल कशाला?

तुमच्या घरात कुणी म्हणालं, ‘आताशा प्रार्थनेत मन लागत नाही, देव आहे की नाही तेच कळत नाही,’ तर कृपा करून त्याला गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला पुरतं बोलू द्या.